दोनशे गिनींची पाटी

तुमच्या घरात, नात्यात किंवा मंडळाच्या ओळखीत कोणी ना कोणी सायबर सुरक्षेचं स्टार्टअप काढलेलं असेलच. मग ‘इनोव्हेशन स्पर्धा’ हे शब्दही कानावरून गेले असतील. अर्ज भरायचा, निवड झाली तर मंचावर जाऊन तीन-चार मिनिटं बोलायचं, परीक्षकांचे प्रश्न झेलायचे. जिंकलात तर पैसे, नाव आणि गुंतवणूकदारांच्या भेटी. अशा स्पर्धा लंडनमध्ये होतात, सॅन फ्रान्सिस्कोत होतात. भारतात २०१८ पासून संरक्षण खात्याच्या ‘आयडेक्स’ योजनेत स्टार्टअपसाठी अशी आव्हानं जाहीर होतात आणि त्यात निवड झाली तर दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकतं.

मी लंडनमध्ये एन्क्रिप्शनवर संशोधन करते. पोस्ट-डॉकचा करार संपत आला की भेटेल तो विचारतो, ‘स्टार्टअप का नाही काढत? स्पर्धेत का नाही उतरत?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर देण्याआधी मला तुम्हाला थोडा इतिहास सांगायचा आहे. या स्पर्धा आपल्याला वाटतात तितक्या नव्या नाहीत. त्या किमान दोनशे वर्षं जुन्या आहेत आणि त्यांची सुरुवात लोखंडी कुलपांपासून झाली.

सुरक्षेच्या स्पर्धेत मुळातच एक अडचण आहे, ती आधी लक्षात घ्या. पूल चांगला आहे का हे त्यावर वजन ठेवून कळतं. घड्याळ चांगलं आहे का हे आठवडाभर चालवून कळतं. कुलूप मात्र नुसतं लावून ठेवलं तर काहीच कळत नाही. ते आज उघडलं गेलं नाही याचा अर्थ एवढाच, की आजवर जे आले त्यांना ते उघडता आलं नाही. त्यामुळे परीक्षक कितीही विद्वान असले तरी नुसतं बघून ‘हे उत्तम’ असं म्हणायला त्यांच्याकडे आधार नसतो. परीक्षेला चोर लागतो. तो कुठून आणायचा, त्याला काय द्यायचं आणि तो जिंकला तर काय करायचं, या तीन प्रश्नांभोवती हा सगळा इतिहास फिरतो.

१८१७ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत चोरी झाली. चोरांनी बनावट किल्ल्या वापरल्या होत्या. नौदलाची गोदी म्हणजे साम्राज्याचं कोठारच. सरकारने स्पर्धा जाहीर केली: स्वतःच्या किल्लीशिवाय दुसऱ्या कशानेही न उघडणारं कुलूप बनवून दाखवा, शंभर पौंड मिळवा. पोर्ट्समथमध्येच लोखंडी सामानाचा धंदा करणाऱ्या जेरेमाया चब यांनी ते बक्षीस मिळवलं आणि १८१८ मध्ये कुलपाचं पेटंट घेतलं. त्यांच्या कुलपात एक गंमत होती. चुकीच्या किल्लीने किंवा तारेने आतला एखादा खटका गरजेपेक्षा जास्त उचलला गेला, की एक कळ पडायची आणि कुलूप अडकून बसायचं. मग मालकाची नेहमीची किल्लीही चालायची नाही, आणि त्यावरून मालकाला कळायचं की कोणीतरी हात घातला होता. आजच्या भाषेत सांगायचं तर कुलपालाच अलार्म बसवलेला होता.

परीक्षा कशी घेतली ते ऐकण्यासारखं आहे. पोर्ट्समथच्या बंदरात जुन्या जहाजांवर कैदी ठेवत. त्यातला एक कैदी पूर्वी कुलपं बनवायचं काम करायचा आणि त्याला कुठलंही कुलूप उघडता येतं अशी ख्याती होती. त्याला सांगितलं गेलं, ‘हे उघड. सरकार तुला माफी देईल आणि चबकडून शंभर पौंड मिळतील.’ त्याने दोन-तीन महिने खटपट केली आणि शेवटी हात टेकले. तो बिचारा पुन्हा कैदेत गेला आणि चब घराण्याची कुलपं पुढे साम्राज्यभर गेली. स्पर्धेतून उभं राहिलेलं सुरक्षेचं स्टार्टअप म्हणायचं तर हे पहिल्या काही उदाहरणांपैकी एक ठरेल. त्या कैद्याला दिलेली लालूच मला महत्त्वाची वाटते. हरला तर कैद, जिंकला तर सुटका. यापेक्षा मन लावून काम करणारा परीक्षक कुठे मिळणार?

याच्याही आधी, लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावरच्या जोसेफ ब्रामा यांच्या दुकानाच्या काचेत एक कुलूप आणि एक पाटी होती. ब्रामांनी १७८४ मध्ये कुलपाचं पेटंट घेतलं होतं. पाटीवरचा मजकूर थोडक्यात असा: हे कुलूप उघडेल असं हत्यार जो बनवेल, त्याला ताबडतोब दोनशे गिनी. ही पाटी तिथे साठेक वर्षं होती. ब्रामा वारले, मुलांनी दुकान चालवलं, पाटी तशीच राहिली. लंडनकरांच्या दृष्टीने हे कुलूप अभेद्य आहे ही गोष्ट सिद्धच झाली होती. पण साठ वर्षांत किती जणांनी खरोखर मन लावून ते उघडायचा प्रयत्न केला होता, हा प्रश्न फारसं कोणी विचारत नव्हतं. बक्षीस जाहीर करणं आणि परीक्षा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजही एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावर ‘आमचं उत्पादन फोडा आणि लाख डॉलर मिळवा’ असं वाचलं की मला ती पाटी आठवते.

मग १८५१ उजाडलं. हाइड पार्कमध्ये काचेचा राजवाडा उभा राहिला आणि जगभरच्या यंत्रांचं महाप्रदर्शन भरलं. त्यात अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा माणूस आला. तो न्यूयॉर्कच्या ‘डे अँड न्यूवेल’ या कुलपांच्या कंपनीचा प्रतिनिधी होता. विक्रीची त्याची पद्धत मोठी मजेशीर होती. तो बँकेत जायचा, तिथलं कुलूप मालकासमोर उघडून दाखवायचा आणि मग आपलं कुलूप पुढे करायचा. लंडनमध्ये त्याने तेच केलं, फक्त पाहुणा म्हणून आलेल्या देशाच्या दोन अभिमानस्थानांवर.

२२ जुलै १८५१ रोजी वेस्टमिन्स्टरमधल्या एका घरात, साक्षीदारांसमोर, त्याने चबचं कुलूप पंचवीस मिनिटांत उघडलं. नुसतं उघडलं नाही, तर सात मिनिटांत ते पुन्हा पहिल्यासारखं बंदही केलं, म्हणजे मालकाला कळूही नये. हे कसं जमलं? ज्या कळीमुळे चबना बक्षीस मिळालं होतं, तिच्याच मदतीने. खटका जास्त उचलला की कळ पडते. म्हणजे कुठला खटका किती उचलला की ‘जास्त’ होतं, हे कुलूप स्वतःच सांगत होतं. कळ पाडायची, पूर्ववत करायची, पुन्हा चाचपायचं. पहारेकऱ्याला दर वेळी ‘कोण आहे?’ असं ओरडायची सवय असेल, तर तो कुठे उभा आहे हे चोराला अंधारातही कळतं.

दोन दिवसांनी हॉब्जने ब्रामांच्या कुलपाला हात घातला. अटी लिहून झाल्या, पंच नेमले गेले, तीस दिवसांची मुदत ठरली. काम रोज चाललं नाही, पण सोळा दिवसांत मिळून एकूण एक्कावन्न तास खर्च करून त्याने ऑगस्टमध्ये ते उघडलं. ब्रामा कंपनीने तक्रार केली. कुलपाला याने पक्कं बसवलेलं यंत्र लावलं, दिवसेंदिवस निवांत बसून काम केलं, खऱ्या चोराला एवढी सवड कोण देतं? तक्रार अगदी चुकीची होती असं मला वाटत नाही. पण पंचांनी पाटीवरचा मजकूर बघितला. पाटीवर चोराचं नाव नव्हतं, वेळेची मर्यादा नव्हती. दोनशे गिनी हॉब्जला मिळाल्या. ते कुलूप आज लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.

वर्तमानपत्रांत आठवडेच्या आठवडे यावर रण माजलं. एका बाजूचं म्हणणं असं, की कुलपांतल्या फटी अशा चव्हाट्यावर आणल्या तर चोरांचंच फावेल. ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ या आपल्या म्हणीसारखाच हा राग होता. दुसऱ्या बाजूचा मुद्दा असा, की चोरांना त्यांच्या धंद्यातलं आधीच कळतं, अंधारात असतो तो फक्त गिऱ्हाईक. १८५३ मध्ये हॉब्जच्या मदतीने कुलपांच्या रचनेवरचं एक छोटं पुस्तकच निघालं आणि त्यात ही दुसरी बाजू ठासून मांडलेली आहे. माझ्या क्षेत्रात आजही हा वाद तसाच्या तसा चालतो, फक्त खटक्यांच्या जागी कोडच्या ओळी आल्या आहेत.

आणि हॉब्जने जे कुलूप विकायला आणलं होतं त्याचं काय? लंडनमध्ये त्यावरही आव्हान दिलं गेलं. एका कारागिराने तीस दिवस प्रयत्न केला, त्याला जमलं नाही. पण काही वर्षांनी अमेरिकेतच लायनस येल धाकटे यांनी ते उघडलं. आज जगभर दारांवर जी चपट्या, दातेरी किल्लीची कुलपं दिसतात, त्यांची रचना त्याच येलची. प्रत्येक विजेत्याचा पराभव कुठेतरी तयार होत असतो आणि त्या पराभवातूनच पुढचं कुलूप घडतं.

चोराला बोलावून परीक्षा घ्यायची कल्पना आपल्यालाही परकी नाही. रायगड बांधून झाल्यावरची एक आख्यायिका इंग्रजी अमदानीतल्या लेखकांनीही टिपून ठेवली आहे. शिवाजी महाराजांनी लोकांना जमवून सांगितलं, मुख्य दरवाजा सोडून, शिडी-दोराशिवाय जो गड चढून येईल त्याला सोन्याची थैली आणि कडं. एक महार पुढे आला, कडा चढून वर गेला आणि त्याने निशाण लावलं. महाराजांनी त्याला बक्षीस दिलं आणि ती वाट बंद केली. हिरकणीची गोष्ट तर आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. बाळासाठी कडा उतरून गेलेल्या गवळणीला शिक्षा झाली नाही, तिचा सन्मान झाला आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधला गेला. या दंतकथा आहेत, पुरावे नव्हेत. पण दोन्हींतली रीत बघा: वाट दाखवणाऱ्याला बक्षीस आणि वाटेवर बांधकाम. फक्त मला एक गोष्ट खटकते. हिरकणीचं नाव बुरुजाला मिळालं. त्या चढून जाणाऱ्याची मात्र कथेत जात येते, नाव येत नाही. पोर्ट्समथच्या कैद्याचंही तसंच झालं. बक्षिसाची पाटी लावणारे आपल्या लक्षात राहतात, परीक्षा घेणारे राहत नाहीत.

आता लोखंडाकडून संगणकाकडे. १९७३ मध्ये अमेरिकी सरकारच्या मानक कार्यालयाने माहिती कूटबद्ध करण्याच्या पद्धती मागवल्या. पहिल्या हाकेला कामाचं काहीच आलं नाही. १९७४ मध्ये पुन्हा हाक दिली, तेव्हा आयबीएमची पद्धत आली आणि ती १९७७ मध्ये ‘डीईएस’ या नावाने मानक झाली. आतल्या चर्चा बंद दाराआड झाल्या. किल्लीची लांबी अवघी ५६ बिट ठेवली होती. ती फार तोकडी आहे असं व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन हे संशोधक तेव्हापासून सांगत होते. शेवटी १९९८ मध्ये नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने अडीच लाख डॉलरांपेक्षा कमी खर्चात एक यंत्र बांधलं आणि ५६ तासांत किल्ली शोधून दाखवली. तिला आरएसए कंपनीने जाहीर केलेलं दहा हजार डॉलरांचं बक्षीस मिळालं. कुलूप फोडणाऱ्याला पैसे देणारी ही कंपनी लक्षात ठेवा.

तोवर सरकारी मंडळींना धडा मिळाला होता. १९९७ मध्ये ‘निस्ट’ने, म्हणजे त्याच मानक कार्यालयाने नाव बदलल्यावर, नव्या मानकासाठी जी स्पर्धा जाहीर केली ती माझ्या मते या क्षेत्रातली आजवरची सर्वांत शहाणी स्पर्धा होती. जगातून कोणीही यावं. पद्धत पूर्णपणे उघड करावी. निवड झाली तर तिच्यावर कोणताही मोबदला मागू नये. बक्षीस म्हणाल तर शून्य. १९९८ मध्ये पंधरा पद्धती आल्या. त्यात आयबीएम होती, जपानची एनटीटी होती, जर्मनीची डॉइश टेलिकॉम होती आणि कोस्टारिकातली एक छोटी कंपनीही होती. परीक्षक कोण? स्पर्धकच. प्रत्येकाने दुसऱ्याची पद्धत फोडायची.

कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरा गावात पहिली परिषद झाली, तिथे डॉइश टेलिकॉमने आपली ‘मॅजेंटा’ ही पद्धत मांडली. प्रेक्षकांत जगातले नामवंत कूटतज्ज्ञ बसलेले होते. परिषद संपायच्या आत तिच्यातली कमजोरी सापडली होती. केवढी नामुष्की, असं तुम्हाला वाटेल. मला उलट वाटतं. हीच पद्धत दहा-वीस वर्षं लोकांच्या फोनमध्ये राहून मग फुटली असती तर? पुढे रोम, मग न्यूयॉर्क, अशा परिषदा झाल्या. पाच पद्धती अंतिम फेरीत उरल्या. न्यूयॉर्कमध्ये जमलेल्यांचं मत विचारलं तेव्हा ८६ जणांनी ‘राइनडाल’ला अनुकूल कौल दिला. ऑक्टोबर २००० मध्ये निस्टनेही तीच निवडली. ती बनवणारे योआन डामेन आणि विन्सेंट राइमेन हे दोन तरुण बेल्जियमचे. अमेरिकी सरकारचं मानक परदेशी माणसांनी बनवलेलं, आणि कोणी फारशी कुरकुर केली नाही. कारण हरलेल्यांनी स्वतः दोनेक वर्षं ती फोडायचा प्रयत्न केलेला होता. आज तुम्ही बँकेचं ॲप उघडता तेव्हा बहुधा त्या दोघांचंच कुलूप वापरता.

आता ज्या आरएसएने डीईएस फोडणाऱ्यांना बक्षीस दिलं, तिच्या नावाने सॅन फ्रान्सिस्कोत दर वर्षी भव्य परिषद भरते. तिथे २००५ पासून ‘इनोव्हेशन सँडबॉक्स’ नावाची स्टार्टअपची स्पर्धा होते. दहा अंतिम स्पर्धक, प्रत्येकाला तीन मिनिटं. सुरक्षा-स्टार्टअपच्या जगात या स्पर्धेचा मान मोठा आहे. २०२५ पासून अंतिम दहांपैकी प्रत्येकाला पन्नास लाख डॉलरची गुंतवणूक मिळू लागली. पण स्पर्धेचा प्रकार बघा. नव्वदीच्या दशकात त्या नावाखाली फोडणाऱ्याला बक्षीस होतं, आता मांडणाऱ्याला आहे. मंचावर चोर नाही. परीक्षक विचारतात ते बाजाराबद्दल, गिऱ्हाइकांबद्दल, संघाबद्दल. या गोष्टी महत्त्वाच्या नाहीत असं मी म्हणत नाही. विकलंच गेलं नाही तर चांगलं कुलूप काय कामाचं? पण हा अंदाजही मंचावर नेमका करता येतोच असं नाही. २०२१ मध्ये ‘विझ’ नावाची कंपनी त्या दहांत होती. ती जिंकली नाही. २०२५ च्या मार्चमध्ये गूगलने तीच ३२ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर केला.

दुसऱ्या वळणाच्या स्पर्धाही आहेत, त्याही सांगायला हव्यात. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, ‘डार्पा’ने, २०१६ मध्ये लास वेगासला यंत्रांचीच लढाई लावली. माणसाची मदत न घेता सात संगणक एकमेकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधत आणि स्वतःच्या दुरुस्त करत होते. पिट्सबर्गच्या एका स्टार्टअपच्या ‘मेहेम’ या यंत्राने वीस लाख डॉलर जिंकले. लगेच त्याला माणसांच्या संघांविरुद्ध उतरवलं, तर ते शेवटचं आलं. विजेत्याला दुसऱ्याच दिवशी आणखी कठीण परीक्षेला बसवणारी स्पर्धा मला मनापासून आवडते.

गेल्या वर्षी एका सहकाऱ्याबरोबर मी अशाच एका स्पर्धेचा अर्ज भरला. स्पर्धेचं नाव सांगत नाही. बारा प्रश्न होते. बाजार केवढा, स्पर्धक कोण, पाच वर्षांनी उत्पन्न किती, संघात कोणाकोणाला अनुभव. तुमची पद्धत फोडायचा प्रयत्न कोणी केला आणि काय झालं, हा प्रश्न बारांत नव्हता. आम्ही त्याचं उत्तर दोन पानी जोडपत्रात दिलं: आमच्या पद्धतीवर दोन बाहेरच्या गटांनी केलेले हल्ले, त्यातला एक काही अंशी यशस्वी, आणि त्यानंतर आम्ही केलेली दुरुस्ती. निवड झाली नाही. अभिप्रायात लिहिलं होतं, ‘जोडपत्रामुळे उत्पादनाविषयी शंका निर्माण होते.’ सहकाऱ्याचं मत पडलं की पुढच्या वेळी जोडपत्र काढून टाकू. त्याच्या घरी लहान मूल आहे, त्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे, त्यामुळे त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. मी म्हटलं, जोडपत्र राहील आणि मला वाटतं ते पहिल्या पानावर यावं. आमचं अजून ठरलेलं नाही. पुढची मुदत फेब्रुवारीत आहे.

त्या वादात मी त्याला एक उदाहरण दिलं, तेच तुम्हालाही सांगते. क्वांटम संगणक आल्यावरही टिकतील अशा कूटपद्धतींसाठी निस्टने २०१६ मध्ये पुन्हा तशीच खुली स्पर्धा सुरू केली. त्यात ‘साइक’ नावाची एक देखणी पद्धत होती. किल्ल्या लहान, गणित खोल. तिच्या छोट्या आवृत्त्या फोडण्यासाठी मायक्रोसॉफ्टने बक्षिसं लावली होती, मोठं पन्नास हजार डॉलरचं. जुलै २०२२ मध्ये ती चौथ्या फेरीत पोचली. काही आठवड्यांतच बेल्जियममधल्या लूवेनच्या दोन संशोधकांनी, वाउटर कास्ट्रिक आणि थॉमस डेक्रू यांनी, ती मोडली. मोठी यंत्रं लागली नाहीत. साध्या संगणकाच्या एकाच प्रोसेसरवर, तासाभरात. त्यांनी वापरलेला गणिती सिद्धांत १९९७ पासून छापील स्वरूपात पडून होता, फक्त तो या कुलपाला लागतो हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पन्नास हजार डॉलर त्या दोघांना मिळाले. आणि साइक बनवणाऱ्यांनी काय केलं? सारवासारव केली नाही की अटींवरून वाद घातला नाही. आमची पद्धत सुरक्षित नाही, ती वापरू नये, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं.